एका बोर्डावर सहा कार्डे

२०२० साली आमच्या अब्बा-अम्मींचा हजचा नंबर लागला. दोन्ही हप्ते भरून झाले, पासपोर्ट जमा झाले, अम्मींनी अब्बांसाठी एहरामच्या चादरीही आणून ठेवल्या. मग करोना आला. त्या वर्षी सौदी सरकारने बाहेरच्या देशांतून कोणालाच येऊ दिले नाही आणि हज कमिटीने भरलेली रक्कम परत केली. दोघांचे मिळून चार लाखांच्या आसपास रुपये अब्बांच्या खात्यावर येऊन पडले. पुढच्या वर्षी हज खुले होईल की नाही, कोणालाच सांगता येत नव्हते.

त्याच काळात आमचा थोरला सांगलीतल्या घरात दिवसभर संगणकासमोर बसलेला असायचा. अभियांत्रिकीचे तिसरे वर्ष, वर्ग ऑनलाइन. वर्ग संपले तरी तो उठायचा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका रात्री जेवणानंतर त्याने आमच्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर एका बोर्डाचे चित्र होते आणि त्याला जोडलेली सहा ग्राफिक्स कार्डे. खाली हिशेब होता: खर्च सव्वादोन लाख, आठ-नऊ महिन्यांत वसूल, पुढे सगळा नफा.

अम्मींनी विचारले, “हे काय काढणार आहे?”

“मायनिंग, दादी. खाणीतून काढतात तसे नाणे काढायचे.”

शेजारचे चाचा तेव्हा बसलेले होते. ते मूळचे विट्याचे. आपल्या जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरलेली आहेत, त्यांतलेच हे एक. चाळीस वर्षे दुसऱ्यांचे सोने वितळवून शुद्ध करण्यात गेली. ते हसून म्हणाले, “खाणीतले असू दे नाहीतर भट्टीतले, सोने हातात तरी येते. तुझे हे कुठे दिसणार?”

हा प्रश्न योग्यच होता, म्हणून आम्ही मुलाला आधी आम्हाला समजावून सांगायला लावले. त्याने सांगितले ते असे. एक मोठी खतावणी आहे, जगभरातल्या हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली. कोणी कोणाला किती नाणी दिली, ते तिच्यात लिहिलेले असते. थोड्या थोड्या वेळाने तिला नवे पान जोडावे लागते. ते पान जोडायचा मान कोणाला? जो एका आकड्याचे कोडे सर्वांत आधी सोडवेल त्याला. कोड्यात हुशारी काहीच लागत नाही, एकामागून एक आकडा लावून बघायचा. कुलूप उघडेपर्यंत चाव्या लावत राहण्यासारखे. ज्याची चावी लागली त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. एकट्यादुकट्याची चावी लागायला वर्षे जातील, म्हणून लोक टोळी करतात आणि मिळालेले बक्षीस ज्याच्या त्याच्या कष्टाप्रमाणे वाटून घेतात.

ग्राफिक्स कार्ड यासाठी का? पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग एकाच वेळी ठरवायचे काम त्याचे, त्यामुळे छोटी छोटी गणिते एकदम करायची त्याला सवय. २००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनसाठी आता निराळी खास यंत्रे लागतात, तिथे या कार्डांचा टिकाव लागत नाही. पण इथरियम नावाच्या दुसऱ्या खतावणीचे कोडे असे होते की ते सोडवताना एक भलीमोठी फाइल कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागे. ती फाइल वाढत वाढत २०२० च्या अखेरीस चार जीबीच्या पुढे गेली आणि चार जीबीची कार्डे एका रात्रीत निकामी झाली. म्हणून मुलाच्या यादीत आठ जीबीची कार्डे होती, आरएक्स ५८०, तीही जुनी. नवी बाजारात मिळत नव्हती, मिळाली तर परवडत नव्हती.

अब्बा एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न पैशाचा नाही, फसवणुकीचा विचारला. पुण्यातले गेनबिटकॉइनचे प्रकरण तेव्हा तीन वर्षांपूर्वीचे होते. आमच्याकडे बिटकॉइन द्या, आम्ही मायनिंग करून अठरा महिने दरमहा दहा टक्के देऊ, असे त्यात सांगितले होते. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या आणि देशभर लोकांचे पैसे अडकल्याचे बाहेर आले. मुलगा म्हणाला, “दादा, तिथे यंत्र लोकांनी पाहिलेच नव्हते. इथे यंत्र आपले, घर आपले, तुमच्या डोळ्यांसमोर.” या वाक्याने अब्बा निम्मे वळले. आम्हीही वळलो. यंत्र डोळ्यांसमोर असले म्हणजे भावही डोळ्यांसमोर असतो असे नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाला सुचले नाही.

दुसरा प्रश्न अम्मींचा. ही कमाई हलाल आहे का? आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेलो. याबाबत आलिमांमध्ये एकमत नाही, हे त्यांनी आधीच सांगितले. तुर्कस्तानच्या धार्मिक व्यवहार खात्याने २०१७ मध्ये आणि इजिप्तचे मुफ्ती शौकी अल्लाम यांनी २०१८ च्या सुरुवातीला बिटकॉइनचा व्यवहार नाजायज ठरवला. दुसरीकडे काही आलिम अटींसह परवानगी देतात. (त्याच वर्षाच्या अखेरीस, नोव्हेंबर २०२१ मध्ये, इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने चलन म्हणून त्याचा वापर हराम ठरवला.) मौलानांनी मुलाला तीन-चार प्रश्न विचारले. या नाण्याच्या मागे काय आहे? भाव कोण ठरवतो? तू विकशील तेव्हा घेणारा कशासाठी घेईल? शेवटच्या प्रश्नाला मुलाचे उत्तर होते, “पुढे आणखी वाढेल म्हणून.” मौलाना थोडे थांबले आणि म्हणाले, “मी फतवा देत नाही. पण हजचा पैसा संशयात घालू नका.”

मग घरात तोड निघाली. अब्बा त्यांच्या वाट्याचे दोन लाख कर्ज-ए-हसना म्हणून देतील. नफा कितीही होवो, त्यांना फक्त दोन लाख परत हवेत, एक रुपया जास्त नको. हज ज्या दिवशी खुले होईल त्या दिवशी यंत्र विकून का होईना, पैसे खात्यावर आले पाहिजेत. मुलाने मान्य केले. वरचे तेवीस हजार त्याने शिकवण्या घेऊन साठवलेले होते, ते घातले.

सामान पुण्याहून आणि कोल्हापुरातून गोळा झाले. कार्डे सरासरी तीस हजारांना एक. घराच्या मागच्या खोलीत कुपवाडहून करून आणलेली लोखंडी अँगलची फ्रेम उभी राहिली. ही फ्रेम कशाला, असे वाचक विचारतील. साध्या संगणकात बोर्डावर एक किंवा दोन कार्डे शेजारी बसतात. सहा कार्डे तशी बसवली तर ती एकमेकांचा श्वास कोंडतात, गरम होऊन बंद पडतात. म्हणून बोर्डावरच्या लहान खाचांत रायझर नावाची पट्टी बसवायची, तिच्यातून केबल काढायची आणि दुसऱ्या टोकाला कार्ड फ्रेमवर टांगायचे. खाच छोटी असली तरी चालते. या कामात बोर्ड आणि कार्ड यांच्यात देवाणघेवाण फार थोडी असते.

पहिले कार्ड लावले, चालले. दुसरेही चालले. तिसरे लावले आणि पडदा काळा. तिसरे काढले की पडदा येतो, लावले की जातो. मुलाला वाटले कार्ड खराब. पण तेच कार्ड एकटे लावले की ठीक चालायचे. दोन रात्री यात गेल्या. शेवटी कळले की दोष कार्डात नव्हता. प्रत्येक कार्ड बोर्डाकडे आपल्या मेमरीसाठी पत्त्यांची जागा मागते आणि नेहमीच्या मांडणीत ही जागा चार जीबीच्या आतच द्यायची असते. दोन कार्डांनी ती भरून टाकली, तिसऱ्याला पाट मांडायला जागाच उरली नाही. बायोसमध्ये ‘अबव्ह फोर जी डिकोडिंग’ नावाचा एक पर्याय असतो. तो चालू केल्यावर बोर्ड चार जीबीच्या पलीकडची जागाही वाटू लागला. सोबत खाचांचा वेग ‘ऑटो’वरून खालच्या पायरीवर आणून ठेवला, कारण रायझरच्या स्वस्त केबलींना वरचा वेग झेपत नाही. तिसरे आले, चौथे आले. पाचवे दिसायचे आणि तासाभराने गायब व्हायचे, तिथे रायझरच खराब निघाला. सहावे आल्यावर विंडोज अडखळू लागले. हार्डडिस्कवर आभासी मेमरीची जागा सगळ्या कार्डांच्या मेमरीच्या बेरजेइतकी, म्हणजे अठ्ठेचाळीस जीबीच्या वर, वाढवून दिल्यावर ते थांबले. पुढे त्याने विंडोज काढून लिनक्सवरची मायनिंगसाठीची प्रणाली टाकली आणि कटकट बरीच कमी झाली.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. मायनिंग संपले, पण आज मुले व्हिडिओच्या कामासाठी किंवा घरच्या घरी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करण्यासाठी एका बोर्डावर दोन-तीन कार्डे जोडतात. तिसऱ्या कार्डाला पडदा काळा झाला तर कार्ड बदलून आणायला धावू नका, आधी बायोस उघडा. आणि पुढची गोष्ट तर कोणतेही कार्ड जोडणाऱ्याने वाचावी.

एप्रिलच्या मध्यावर रमजान सुरू झाला, त्याच दिवशी राज्यात संचारबंदीही लागली. सहाव्या की सातव्या रोज्याच्या सहेरीला अम्मी उठल्या आणि त्यांना करपल्याचा वास आला. आधी त्यांनी गॅस पाहिला. मग मागच्या खोलीचे दार उघडले. खोली तापलेली, पंखे घरघरत होते आणि एका रायझरजवळून निळसर धूर येत होता. अब्बांनी मेन स्विच पाडला. अंधारात मोबाइलच्या उजेडात पाहिले तर रायझरला वीज देणारा काळा सपाट कनेक्टर वितळून पट्टीला चिकटला होता. खाली पुठ्ठ्याचा खोका होता. खोक्याला धग लागली नव्हती, एवढेच.

सहेरी त्या दिवशी पाणी आणि खजुरावर झाली. फजरनंतर अब्बा चष्मा लावून तो कनेक्टर घेऊन बसले. मुलगा गप्प होता. “ही पिन कशासाठी असते?” त्यांनी विचारले. हार्डडिस्कसाठी, मुलगा म्हणाला. “आणि तू तिच्यावर काय लटकवलेस?”

हिशेब साधा होता. कार्ड खाचेतून पंचाहत्तर वॉटपर्यंत ओढू शकते. हार्डडिस्कला वीज देणारा साटा कनेक्टर बारा व्होल्टच्या तारेवर साडेचार अँपिअरसाठी केलेला असतो, म्हणजे चोपन्न वॉट. रायझरच्या खोक्यातच साटाची जोडतार मिळते, म्हणून मुलाने ती लावली होती. विकणाऱ्याने दिली म्हणजे चालत असेल, असे त्याला वाटले. अब्बा म्हणाले, “एसटीत हेडलाइटच्या तारेवर स्टार्टर जोडणारा पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर दिसायचा नाही.” संचारबंदीत दुकाने बंद, त्यामुळे यंत्र आठवडाभर बंद राहिले. मग आजोबा-नातवाने मिळून सगळी वीज नव्याने जोडली. रायझरला थेट पॉवर सप्लायची सहा पिनांची तार. एका तारेवर दोनपेक्षा जास्त रायझर नाहीत. पॉवर सप्लाय दोन होते, तर कार्ड आणि त्याचा रायझर एकाच सप्लायवर, एकाचे डोके इकडे आणि पाय तिकडे असे नाही. भिंतीवरच्या पाच अँपिअरच्या जुन्या बोर्डावरून एक्स्टेंशन काढले होते, ते अब्बांनी उचलून फेकले. मीटरपासून अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी तार, सोळा अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, अर्थिंग तपासून. कार्डांचे व्होल्टेज मुलाने सॉफ्टवेअरमधून कमी केले. वेग जवळपास तोच राहिला आणि दर कार्डामागची वीज एकशे वीस वॉटच्या आसपास आली.

सहा कार्डे आणि बाकीचे मिळून आठशे वॉट. ऐकायला जास्त वाटत नाही, एका मिक्सरपेक्षा थोडे अधिक. पण मिक्सर पाच मिनिटे चालतो, हे चोवीस तास. दिवसाला एकोणीस युनिट, महिन्याला पावणेसहाशे. घरचे दीडशे धरून सव्वासातशे. घरगुती विजेचे दर पायऱ्यांचे असतात, तीनशे युनिटच्या पुढे प्रत्येक युनिट दहा रुपयांहून महाग पडते, वर वीजशुल्क. मुलाने त्याच्या कागदावर आमच्या जुन्या बिलाचा सरासरी दर धरला होता. अकराशेचे बिल साडेआठ हजारांच्या पुढे गेले तेव्हा ही चूक कळली. आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा समजली. घरगुती मीटरवर दुसऱ्या कारणासाठी वीज वापरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होऊ शकते. घरात अमानतीवर एवढी चर्चा झाली, पण मीटरचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही, हे लिहिताना संकोच वाटतो.

तरीही ते दिवस चांगले होते. अल्हम्दुलिल्लाह, महिन्याला वीस-पंचवीस हजारांच्या किमतीचे इथर जमत होते. जमत होते म्हणजे मोबाइलवर दिसत होते. मुलगा विकत नव्हता. भाव चढत होता, मग आज का विकायचे?

जूनमध्ये सौदीने जाहीर केले की यंदाही हज फक्त तिथे राहणाऱ्यांसाठीच. अब्बा काही बोलले नाहीत. मुलाच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आम्ही पाहिला आणि तो आम्हाला आवडला नाही.

जुलै २०२१ च्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस कोसळला. आमचे घर मारुती चौकाच्या अलीकडे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती आणि आमच्या घरात गळ्याइतके पाणी होते. आयर्विनला चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही पाठ आहे. वर कोयनेचे दरवाजे उघडले की ते पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि आम्ही सामान वर चढवायला लागतो. या वेळी पाण्याची वाट न बघता शेजारच्या टेम्पोत अम्मींची ट्रंक, कागदपत्रांची पेटी, शिलाई मशीन आणि सहा कार्डे भरली. कार्डे गोधड्यांत गुंडाळली होती. टेम्पो साताऱ्याला, मुलाच्या फुफीकडे गेला. दोन दिवसांनी पाणी पन्नास फुटांच्या वर गेले आणि मागच्या खोलीत शिरले. नवा सॉकेट पाण्याखाली होता.

फुफी सदरबझारात राहते. यंत्र तिच्याच वरच्या खोलीत लावायचे ठरले. सातारा सांगलीपेक्षा उंचावर आणि थंड, खिडकी उघडी ठेवली की कार्डांचे तापमान सात-आठ अंशांनी उतरायचे. मुलगा खूश. फुफी मात्र दुसऱ्याच दिवशी म्हणाली, “क्या रे, ये घर है के गिरण?” सहा कार्डांचे बारा पंखे रात्रंदिवस घोंघावतात, आणि तिच्या मिस्टरांची रात्रपाळी. तिने जवळजवळ अकरा महिने सहन केले. बिलातला वाढीव भाग आम्ही दरमहा पाठवत होतो, पण झोपेचे बिल कोणी पाठवले नाही.

१० नोव्हेंबर २०२१ च्या सुमारास इथरचा भाव चार हजार आठशे डॉलरवर गेला. मुलाकडे एकाला थोडे कमी इथर होते, म्हणजे तीन लाखांच्या पुढे रुपये. अब्बा म्हणाले, “दोन लाखांचे विकून टाक, बाकी तुझे तू बघ.” तो म्हणाला, “दादा, जानेवारीत दहा हजार डॉलर होणार आहे, सगळे म्हणताहेत.” सगळे म्हणजे कोण, हे अब्बांनी विचारले नाही. हज खुले झालेले नव्हते, करार मोडलेला नव्हता. आम्ही आईबाप, आम्हाला जोर करता आला असता. केला नाही, कारण तीन लाखांचा आकडा आम्हालाही गोड लागला होता.

२०२२ च्या रमजानमध्ये जकातीचा प्रश्न आला. मौलानांनी सांगितले की तुम्ही याला माल समजून ठेवला आहे, तर आजच्या भावाने मोजा, कर्ज वजा करा आणि अडीच टक्के काढा. त्या दिवशीच्या भावाने तीन लाख चाळीस हजार, अब्बांचे दोन लाख वजा जाता एक लाख चाळीस हजार, जकात साडेतीन हजार. न विकलेल्या मालावर रोख पैसे काढून द्यायचे होते, मुलाने शिकवणीच्या पैशातून दिले. त्या एका दिवशी त्याला बहुधा पहिल्यांदा कळले की त्याच्या हातात नोटा नाहीत.

मे-जूनमध्ये भाव कोसळला. चार हजार आठशेचा हजार-अकराशे झाला. महिन्याची कमाई सात हजारांच्या खाली आली आणि बिल साडेसात हजार. जूनच्या मध्यावर यंत्र बंद केले. तोपर्यंत कायदाही बदलला होता. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केली होती, त्यामुळे खरेदी-विक्री बेकायदा नव्हती. पण १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या उत्पन्नावर तीस टक्के कर, वर उपकर लागू झाला. १ जुलैपासून दर व्यवहारावर एक टक्का टीडीएस. मायनिंगच्या यंत्रांचा खर्च नाण्याची खरेदी किंमत म्हणून धरता येणार नाही, हे सरकारने मार्चमध्ये संसदेत स्पष्ट केले होते. म्हणजे वीज आणि कार्डांवर गेलेला पैसा हिशेबात शून्य.

जूनच्या अखेरीस मुलाने सगळे विकले. दीड इथर, एक लाख पस्तीस हजार. कराचे बेचाळीस हजार बाजूला काढले, उरले त्र्याण्णव हजार. सौदीने त्या वर्षी हज खुले केले होते, पण पासष्ट वर्षांच्या आतल्यांसाठीच. अब्बा अडुसष्टचे. ‘तुम्ही एकट्या जाऊन या’, असे म्हटले तर अम्मी रागावल्या.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथरियमने मायनिंगच बंद केले. ज्याच्याकडे नाणी तारण आहेत त्यांनी पान जोडायचे, अशी नवी पद्धत आली. त्या खतावणीला लागणारी वीज नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त कमी झाली आणि जगभरातली लाखो कार्डे रिकामी बसली. तीस हजारांना घेतलेली कार्डे साडेसात हजारांना गेली, पाच विकली. साडेसदतीस हजार आले. विट्याचे चाचा म्हणाले होते की कार्डाच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, पण तो काढायला लागणारे तेजाबच जास्त महाग पडेल.

मुलगा ऑगस्टपासून पुण्यात नोकरीला लागला होता. अब्बांच्या खात्यावर त्र्याण्णव हजार आणि साडेसदतीस हजार जमा झाले. उरलेले साडेएकोणसत्तर हजार त्याने पगारातून दरमहा दहा हजार असे फेब्रुवारी २०२३ पर्यंत भरले. शेवटचा हप्ता साडेनऊ हजारांचा होता. त्याने दहाच पाठवले, अब्बांनी पाचशे परत केले. विजेचे एक लाखाच्या आसपास आम्ही भरले, ते कुठल्याच हिशेबात नाहीत.

त्या वर्षी वयाची अट निघाली. अब्बा-अम्मींचा अर्ज गेला, नंबर लागला, जूनमध्ये दोघे मुंबईहून रवाना झाले. एहरामच्या चादरी २०२० च्याच होत्या. पुराच्या वेळी त्या अम्मींच्या ट्रंकेत होत्या, ट्रंक त्याच टेम्पोत.

लोखंडी फ्रेम साताऱ्यात आहे. फुफीने तिला फळ्या ठोकून घेतल्या आणि आता तिच्यावर लोणच्याच्या बरण्या आणि सांगलीहून नेलेल्या हळदीचा डबा असतो. सहावे कार्ड मुलाच्या संगणकात आहे, रायझरशिवाय, थेट खाचेत. परत आल्यावर अब्बांनी मीनातले फोटो त्याच्या मोठ्या पडद्यावर पाहिले. मग वाकून संगणकाच्या मागे हात घातला, प्लग गरम लागतो का ते पाहिले आणि पुन्हा खुर्चीवर बसले.